चार्जरच्या मागचा डबा: स्वस्त पॉवर सप्लायवर किती विसंबायचं?

ड्रोन, रिमोटवर उडणारी विमानं, गाड्या, बोटी अशा छंदातला माणूस बॅटरीबद्दल तासन्‌तास बोलेल, चार्जरबद्दलही बोलेल. पण चार्जरला वीज पुरवणाऱ्या डब्याबद्दल त्याला एकच प्रश्न पडतो: स्वस्तातला घेतला तर चालेल का? उत्तरंही ठरलेली दोनच. एक जण म्हणतो, ‘माझा चार वर्षं चाललाय, काही होत नाही.’ दुसरा म्हणतो, ‘घर जाळायचंय का?’ दोघंही आपल्या परीनं खरंच बोलतात, त्यामुळे विचारणाऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही.

खरं तर हा प्रश्न किमतीचा कमी आणि हिशेबाचा जास्त आहे. त्या डब्यातून तुम्ही किती वीज ओढणार, आणि तो बिघडेल तेव्हा कसा बिघडेल, एवढं कळलं की उत्तर आपोआप मिळतं.

आधी कामाची वाटणी

पॉवर सप्लाय भिंतीतली वीज घेतो आणि १२ किंवा २४ व्होल्टची एकदिश (डीसी) वीज देतो. बॅटरीत काय चाललंय याचा त्याला पत्ताही नसतो. लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीच्या पॅकमधला प्रत्येक सेल ४.२ व्होल्टवर थांबवायचा, आधी ठरलेला करंट कायम ठेवायचा, मग व्होल्टेज कायम ठेवून करंट हळूहळू उतरू द्यायचा, बॅलन्स लीडवरून, म्हणजे प्रत्येक सेलला जोडलेल्या बारीक वायरींच्या जुडीवरून, सेलमधला फरक मिटवायचा, हे सगळं चार्जर करतो. टाकीतलं पाणी थोडं खालीवर झालं म्हणून तोटीखालची बादली ओसंडत नाही. बादलीकडे लक्ष तोटी फिरवणाऱ्याचं असतं. इथे टाकी म्हणजे सप्लाय आणि तोटी म्हणजे चार्जर.

म्हणून ‘स्वस्त सप्लायमुळे माझी बॅटरी खराब होईल’ ही सर्वात जास्त ऐकू येणारी भीती बहुतांशी अनाठायी आहे. सप्लायचं व्होल्टेज १२ च्या जागी ११.७ झालं किंवा त्यावर थोडी थरथर असली, तरी ती चार्जरच्या आतल्या बक-बूस्ट, म्हणजे व्होल्टेज हवं तसं वर-खाली करणाऱ्या, सर्किटमध्येच मुरते. पॅकला त्यातलं फारसं काही जाणवत नाही.

याला एक अपवाद आहे. हे चार्जर सहसा आयसोलेटेड नसतात, म्हणजे सप्लाय आणि बॅटरी यांच्यामध्ये विजेच्या दृष्टीनं अभेद्य भिंत नसते. मध्ये असतात ते काही मॉसफेट, म्हणजे स्विचसारखे चालणारे ट्रान्झिस्टर. त्यातला मुख्य मॉसफेट जळून शॉर्ट झाला, आणि सप्लायचं व्होल्टेज पॅकच्या पूर्ण व्होल्टेजपेक्षा जास्त असलं, तर सप्लाय थेट पॅकमध्ये वीज ढकलू लागतो. २४ व्होल्टचा सप्लाय आणि १६.८ व्होल्टला भरणारा ४एस, म्हणजे चार सेल एकापुढे एक जोडलेला, पॅक, हे असंच एक जोडपं. तेव्हा सप्लाय कितीही महागडा असला तरी उपयोग नाही. उलट तो जितका दणकट, तितका जास्त करंट देईल. चार्जिंग चालू असताना जवळ थांबायचं, ते यासाठी.

तीन माणसं, एकच डबा

जाळीदार पत्र्याचा, बाजूला स्क्रूंची पट्टी असलेला आणि ‘१२ व्होल्ट, ३० ॲम्पिअर, ३६० वॉट’ असं लिहिलेला डबा डोळ्यांसमोर आणा. मूळचा तो एलईडीच्या पट्ट्या, कॅमेरे, पाट्या यांच्यासाठीचा. छंदवाल्यांनी तो आपलासा केला, कारण सहज मिळतो.

पहिला माणूस ५००० एमएएचचा (म्हणजे ५ ॲम्पिअर-तास क्षमतेचा) ४एस पॅक १सी वेगानं, म्हणजे क्षमतेच्या आकड्याइतक्याच ॲम्पिअरनं, चार्ज करतो. करंट ५ ॲम्पिअर आणि शेवटाकडे पॅकचं व्होल्टेज १६.८. गुणाकार ८४ वॉट. चार्जर स्वतः थोडी वीज उष्णतेत घालवतो; त्याची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर सप्लायकडून सुमारे ९९ वॉट लागतात. १२ व्होल्टवर म्हणजे साडेआठ ॲम्पिअरच्याही आत. ३० ॲम्पिअरच्या डब्याला हे काहीच नाही.

दुसरा माणूस तेवढ्याच एमएएचचा ६एस पॅक २सीनं भरतो. १० ॲम्पिअर गुणिले २५.२ व्होल्ट म्हणजे २५२ वॉट. चार्जरचा तोटा धरून जवळजवळ २९६ वॉट, म्हणजे १२ व्होल्टवर पावणेपंचवीस ॲम्पिअर. तोच डबा आता लेबलवरच्या आकड्याच्या ८२ टक्क्यांवर पळतोय, आणि पॅकमागून पॅक लावले तर तासभर तसाच पळत राहणार.

तिसरा माणूस असे दोन चार्जर एकाच डब्याला जोडतो. त्याची गरज जाते ४९ ॲम्पिअरवर. ती पुरी होण्याचा प्रश्नच नाही.

‘काही होत नाही’ म्हणणारा बहुधा पहिला असतो. तो किती तास चार्जिंग करतो तेही पाहा. आठवड्याला पाच तास धरले तर वर्षाला २६० तास, चार वर्षांत १०४०. म्हणजे सलग चालवलं असतं तर ४३ दिवस. एखाद्या पाटीमागे दिवसरात्र जळणारा तोच डबा दीड महिन्यात एवढं काम करून मोकळा होतो. ‘चार वर्षं चाललाय’ हे वाक्य खोटं नाही, पण पूर्ण ताकदीवर ४३ दिवस आणि एक-चतुर्थांश ताकदीवर ४३ दिवस या दोन वेगळ्या परीक्षा आहेत, आणि त्यानं बहुतेक वेळा सोपी दिलेली असते.

छंदवाल्याच्या फायद्याची बाजूही यातच आहे. आपले तास मुळातच कमी असतात. कारखान्यासाठी नालायक ठरेल असा सप्लाय आपल्या टेबलावर दहा वर्षं सुखानं काढू शकतो, त्याला दमेपर्यंत पळवलं नाही तर.

लेबलवरचा आकडा कोणत्या तापमानाचा?

चांगला उत्पादक सप्लायबरोबर एक आलेख देतो, त्याला डिरेटिंग कर्व्ह म्हणतात. ठरावीक तापमानापर्यंत पूर्ण शक्ती मिळेल, त्यापुढे ती कशी उतरत जाईल, हे त्यात दाखवलेलं असतं. मीन वेल या कंपनीच्या एलआरएस-३५०-१२ या सप्लायवर २९ ॲम्पिअर आणि ३४८ वॉट लिहिलेलं असतं. बिननावाच्या डब्यावर ३० आणि ३६०. आकड्यांत फरक नगण्य. पण पहिल्याच्या कागदावर तो आकडा कोणत्या परिस्थितीतला आहे हे लिहिलेलं असतं. दुसऱ्याकडे मुळात कागदच नसतो. मला विचाराल तर किमतीतल्या फरकाचा मोठा भाग या कागदाचा आहे, म्हणजे तो कागद लिहिता यावा म्हणून केलेल्या चाचण्यांचा.

माझा हिशेब असा: तपशीलपत्र मिळत असलेला सप्लाय लेबलच्या ८० टक्क्यांपर्यंत सलग चालवावा. नाव-गाव नसलेला निम्म्यापर्यंत. म्हणजे तो ३६० वॉटचा डबा मी १८० वॉटचा समजतो, आणि त्या किमतीतही तो बहुधा स्वस्तच पडतो. वरच्या तीन माणसांपैकी पहिल्यानं तो जरूर घ्यावा.

आकड्याच्या जवळ पळवण्यात आणखी एक गोम आहे, आणि ती चार्जरच्या स्वभावात आहे. बल्बला दिलेलं व्होल्टेज कमी झालं की त्याचा करंटही कमी होतो. चार्जरचं उलटं. त्याला पॅकमध्ये ठरलेले वॉट घालायचेच असतात, त्यामुळे व्होल्टेज पडलं की तो जास्त करंट ओढतो. ३०० वॉटसाठी १२ व्होल्टवर २५ ॲम्पिअर लागतात, ११ व्होल्टवर सव्वासत्तावीस. सप्लाय आधीच थकलेला, म्हणून व्होल्टेज पडलं. पडलं म्हणून करंट वाढला. वाढला म्हणून आणखी पडलं. शेवटी सप्लायचं संरक्षण त्याला बंद करतं, भार सुटल्यावर तो पुन्हा चालू होतो, चार्जर पुन्हा करंट ओढू लागतो, आणि टकटक करत हा खेळ चालू राहतो. किंवा चार्जरच ‘इनपुट व्होल्टेज कमी’ म्हणून थांबतो. बरेच जण तेव्हा चार्जर बिघडला म्हणून तो बदलायला निघतात.

कधीकधी यात सप्लायचाही दोष नसतो, दोष असतो मधल्या वायरीचा. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीला मीटरमागे साधारण १२ मिलिओहम रोध असतो. एक मीटर जायला, एक मीटर यायला, म्हणजे २४. त्यातून २५ ॲम्पिअर गेले की ०.६ व्होल्ट वाटेतच संपतात आणि १५ वॉट नुसती वायर तापवण्यात जातात. चार चौरस मिलिमीटरची वायर टाकली की हा तोटा जवळजवळ एक-तृतीयांशावर येतो. जोडणीच्या पट्टीवर प्लसचे तीन आणि मायनसचे तीन स्क्रू दिलेले असतात ते शोभेला नव्हेत. करंट जास्त असेल तर दोन-तीन वायरींत वाटून घ्यायचा. आणि वायरीच्या टोकाला सोल्डर लावून ते स्क्रूखाली आवळू नका. सोल्डर दाबाखाली हळूहळू पसरतं, पकड ढिली होते, सांधा तापतो. दाबून बसवायच्या नळ्या किंवा चकत्या मिळतात, त्या वापराव्यात.

स्वस्ताई नेमकी कुठे लपते

या डब्यांची रचना जुनी आणि सिद्ध आहे. त्यातल्या अनेकांत टीएल४९४ किंवा तिची भावंडं म्हणता येतील अशी नियंत्रक चिप, आलटूनपालटून चालू-बंद होणाऱ्या दोन ट्रान्झिस्टरांचं हाफ-ब्रिज आणि एक फेराइट ट्रान्सफॉर्मर असतो. जुन्या संगणकांचे सप्लायही असेच बनत. म्हणजे आराखड्यात खोट नाही. काटछाट होते ती सुट्या भागांत.

बिनसामानाच्या जागा सर्वात आधी दिसतात. जाळीतून टॉर्चनं पाहिलं तर सर्किट बोर्डावर छापलेली पण रिकामी ठेवलेली घरं दिसू शकतात. विजेच्या प्रवेशाजवळ जिथे गोंगाट गाळणारं कॉइल असायला हवं, तिथे तारेचे दोन तुकडे टाकलेले असतात. यानं सप्लाय बंद पडत नाही; शेजारचा रेडिओ मात्र खरखरतो.

मग येतात कपॅसिटर. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमानावर ठरतं, आणि ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट होतं. १०५ अंशांवर २००० तास टिकणारा कपॅसिटर ८५ अंशांवर ८००० तास टिकेल आणि ६५ अंशांवर ३२,००० तास. आपल्या २६० तासांच्या वर्षापुढे हे आकडे भरपूर वाटतात, आणि कपॅसिटर लेबलप्रमाणे खरा असेल तर भरपूर आहेतच. पण खराब इलेक्ट्रोलाइट भरलेले कपॅसिटर काय करू शकतात, हे २००० च्या दशकाच्या सुरुवातीला जगभरच्या संगणकांच्या मदरबोर्डांनी दाखवून दिलं. तेव्हा नामवंत कंपन्यांच्या मालातही फुगलेले, गळलेले कपॅसिटर निघत होते. बिघडत चाललेल्या कपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढतो, रोध वाढला की तो आणखी तापतो, आणि बाहेर येणाऱ्या व्होल्टेजवरची थरथर, म्हणजे रिपल, वाढत जाते. चांगल्या १२ व्होल्ट सप्लायच्या कागदावर ही थरथर १५० मिलिव्होल्टच्या आसपास दिलेली असते.

पंखा हा मला सर्वात कच्चा दुवा वाटतो. या डब्याचा पत्रा हाच बऱ्याचदा हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा भाग, असतो. ट्रान्झिस्टर आतून त्यालाच दाबून बसवलेले असतात. पत्रा गालिच्यावर ठेवला किंवा पेटीत कोंबला की अर्धं थंडावणं तिथेच संपलं. उरलेलं अर्धं पंख्यावर. तो धूळ खाऊन अडकला तर चालूच आहे असं वाटत राहतं, कारण अनेक डब्यांत पंखा मुळातच तापल्याशिवाय सुरू होत नाही. शांतता हे इथे चांगलं लक्षण असेलच असं नाही.

मोठ्या आकड्यांचा एमटीबीएफ, म्हणजे दोन बिघाडांमधला सरासरी काळ, पाहूनही हुरळू नये. दोन लाख तास एमटीबीएफ म्हणजे तो नग तेवीस वर्षं चालेल असा अर्थ होत नाही. पुष्कळ नग एकदम चालू ठेवले तर त्यांच्या भर आयुष्यात बिघाड किती विरळ असतील, याचा तो अंदाज असतो.

बिघडण्याच्या तऱ्हा

सप्लाय गप्पकन बंद पडला, तर तो सभ्यपणे मेला म्हणायचा. चार्जर थांबतो, पॅक अर्धवट राहतो, नुकसान डब्यापुरतं.

दुसरी तऱ्हा म्हणजे व्होल्टेज वर जाणं. डब्यावर व्होल्टेज थोडं खालीवर करायला एक छोटा स्क्रू असतो. त्यामागचा ट्रिमर, म्हणजे फिरवता येणारा छोटा रेझिस्टर, हलक्या प्रतीचा असला आणि त्याचा सरकता काटा नीट टेकला नाही, तर सप्लायला आपलं व्होल्टेज कमी वाटतं आणि तो ते वाढवत नेतो. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेल्यावर डबा बंद करणारं वेगळं सर्किट चांगल्या सप्लायमध्ये असतं, स्वस्तात असेलच असं नाही. यात बळी सहसा चार्जरचा जातो. लोकप्रिय छोट्या चार्जरपैकी बरेच ११ ते १८ व्होल्ट एवढंच सहन करतात. तेव्हा त्या स्क्रूशी खेळत बसू नये, आणि नवा डबा चार्जरला जोडण्याआधी मल्टिमीटरला जोडावा.

तिसरी तऱ्हा गंभीर आहे. भिंतीतल्या विजेची बाजू आणि बारा व्होल्टची बाजू यांच्यातली भिंत ढासळणं. ही भिंत तीन गोष्टींची असते: ट्रान्सफॉर्मरमधलं इन्सुलेशन, बोर्डावर दोन्ही बाजूंच्या तांब्यामध्ये सोडलेलं काही मिलिमीटर अंतर, आणि वाय वर्गाचे कपॅसिटर. हे कपॅसिटर बिघडले तरी शॉर्ट न होता उघडे पडावेत अशा रीतीनं बनवलेले आणि तपासलेले असतात. त्यांच्या जागी तसाच दिसणारा साधा सिरॅमिक कपॅसिटर लावला की रोजच्या वापरात फरक शून्य. विजेचा एखादा मोठा झटका आला की तो शॉर्ट होऊ शकतो, आणि मग चार्जर, पॅक, हातातला कनेक्टर, सगळ्यावर भिंतीतली वीज.

इथे अर्थिंग जीव वाचवतं. पत्र्याच्या डब्याला तीन पिनांची वायर आणि खरं, चालू अर्थिंग हवंच. अर्थिंग नसेल तर निरोगी सप्लायचा पत्रासुद्धा त्या वाय कपॅसिटरांमुळे मेन्सच्या, म्हणजे भिंतीतल्या विजेच्या, जवळजवळ अर्ध्या व्होल्टेजवर तरंगतो आणि हात लावला की मुंग्या येतात. त्यातून जाणारा करंट मिलिॲम्पिअरच्या अंशाइतका, म्हणून तो जीव घेत नाही. पण त्या मुंग्या ‘अर्थिंग नाही’ असं सांगत असतात, आणि उद्या आतली भिंत पडली तर करंटला जायला तुमच्याशिवाय दुसरी वाट नसेल. लाइनवर ३० मिलिॲम्पिअरला तुटणारा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती ओळखून लाइन तोडणारा स्विच, असेल तर उत्तम. स्क्रूंच्या पट्टीवर मेन्सचे टोक उघडे असतात. त्यावरचं प्लास्टिकचं झाकण तुटलं असेल तर सप्लाय वापरात आणू नये, इतकं साधं.

आणि एक घात उत्पादकाचा नसतो, आपला असतो. अनेक डब्यांच्या बाजूला ११५ आणि २३० व्होल्ट निवडणारा छोटा लाल स्विच असतो. ११५ वर आतलं सर्किट व्होल्टेज दुप्पट करतं. २३० च्या लाइनवर तो चुकून ११५ ला राहिला तर आत ३२५ ऐवजी ६५० व्होल्टपर्यंत तयार व्हायला लागतात, आणि तिथे प्रत्येकी २०० व्होल्टचे दोन कपॅसिटर एकामागोमाग बसवलेले असतात. मोठा आवाज आणि दुर्गंधीचा धूर. डबा हातात आला की पहिल्यांदा हा स्विच पाहायचा.

दुसरे मार्ग

जुन्या सर्व्हरमधून काढलेले सप्लाय हा माझ्या मते या सगळ्यातला खरा सौदा आहे. ते दिवसरात्र चालण्यासाठीच बनवलेले असतात, १२ व्होल्टवर ७५० ते १२०० वॉट देणारे सहज सापडतात, आणि त्यात जास्त करंट, जास्त व्होल्टेज, जास्त तापमान यांची संरक्षणं असतात. चालू करायला ठरावीक पिना जोडाव्या लागतात; ते एकदा केलं की झालं. पंखा मात्र कानठळ्या बसवतो.

२४ व्होल्टसाठी असे दोन सप्लाय एकापुढे एक जोडतात, आणि धोका तिथे आहे. यांचा मायनस पत्र्याला, म्हणजे अर्थिंगला जोडलेला असतो. दोन्ही तसेच जोडले तर एकाचं आउटपुट अर्थिंगमधून शॉर्ट होतं. त्यावर काही जण अर्थिंगची पिनच कापून टाकतात. ते कधीही करू नये. त्यामुळे हजार वॉटच्या डब्याचा पत्रा निराधार होतो. बरोबर पद्धत म्हणजे वरच्या, म्हणजे ज्याचा मायनस दुसऱ्याच्या प्लसला जोडलाय त्या, सप्लायचा डीसी मायनस आतून पत्र्यापासून वेगळा करणं आणि अर्थिंग तसंच ठेवणं. हे जमणारं नसेल तर सरळ २४ व्होल्टचा एक सप्लाय घ्यावा.

संगणकाचा जुना सप्लायही चालतो, पण त्याच्या एकूण वॉटवर जाऊ नका. लेबलवर १२ व्होल्टच्या ओळीसमोर किती ॲम्पिअर लिहिलेत तेवढंच तुमचं. जुन्यांत मोठा वाटा ५ व्होल्टच्या ओळीचा असायचा, शिवाय त्या ओळीवर काहीच भार नसेल तर १२ ची ओळ ढेपाळते. म्हणून लोक तिथे एखादा मोठा रेझिस्टर लावून ठेवतात.

लॅपटॉपचे मूळ ॲडॉप्टर विश्वासाचे असतात. १९ व्होल्ट, ४.७४ ॲम्पिअर म्हणजे ९० वॉट, छोट्या पॅकला पुरेसे. पण वर सांगितलेली १८ व्होल्टची मर्यादा आठवा. जोडायच्या आधी चार्जरवर छापलेली इनपुटची मर्यादा वाचा. नव्या छोट्या चार्जरपैकी काही यूएसबी-सीवरून थेट २० व्होल्ट, ५ ॲम्पिअर घेतात. १०० वॉटच्या आतली गरज असेल तर नामांकित कंपनीचा असा ॲडॉप्टर हा आज सर्वात कमी कटकटीचा पर्याय आहे.

सप्लाय कोणताही असो, दोन गोष्टी त्याच्याकडून मागू नयेत. काही चार्जर पॅक डिस्चार्ज करताना ती वीज इनपुटकडे परत पाठवू शकतात. ती सोय इनपुटला मोठी लेड-ॲसिड बॅटरी लावणाऱ्यांसाठी आहे. सप्लायला वीज देता येते, घेता येत नाही. परत ढकललेल्या विजेनं त्याच्या आउटपुटचं व्होल्टेज चढत जातं. दुसरं, एकाच सप्लायवर दोन चार्जर ठेवून, एकमेकांना सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक, जोडलेले दोन पॅक एकेका चार्जरवर लावू नयेत. चार्जर आयसोलेटेड नसल्यामुळे दोघांचे मायनस सप्लायपाशी एक झालेले असतात, आणि त्यातून एक पॅक सरळ शॉर्ट होतो. लिपोच्या शॉर्टमध्ये शेकडो ॲम्पिअर वाहू शकतात.

घरच्या घरी परीक्षा

खरा भार लावून पाहिल्याशिवाय डब्याची लायकी कळत नाही, आणि त्यासाठी महागडं उपकरण लागत नाही. गाडीच्या हेडलाइटचे १२ व्होल्ट, ५५ वॉटचे बल्ब घ्या. प्रत्येक बल्ब साडेचार ते पाच ॲम्पिअर खातो. तीन बल्ब लावले की पंधरा ॲम्पिअरच्या जवळ, पाच लावले की पंचविसाच्या. ते भयंकर तापतात, म्हणून विटेवर किंवा फरशीवर ठेवायचे. एकेक करूनच जोडायचे. थंड तंतूचा रोध फारच कमी असतो, सगळे एकदम लावले तर चांगला सप्लायही ओव्हरलोड समजून बंद पडेल.

अर्धा तास चालू ठेवा आणि मल्टिमीटरनं व्होल्टेज दोन ठिकाणी मोजा: डब्याच्या स्क्रूंवर आणि वायरीच्या दुसऱ्या टोकाला. फरक अर्ध्या व्होल्टचा निघाला तर वायर बदला, डबा निर्दोष आहे. स्क्रूंवरच १२.० चे ११.५ झाले, किंवा वास आला, किंवा पत्रा हात ठेवता येणार नाही इतका तापला, तर एक बल्ब काढा आणि पुन्हा अर्धा तास पाहा. ज्या भाराला व्होल्टेज स्थिर राहतं आणि पंखा चालू असताना पत्रा कोमटाच्या थोडा वर थांबतो, तो त्या डब्याचा खरा आकडा. तो मार्करनं लेबलवर लिहून ठेवा आणि चार्जरच्या सेटिंगमध्ये इनपुटच्या कमाल वॉटची मर्यादा मिळत असेल तर तिथे हाच घाला.